तार निघाल्यावर

सातारा, फेब्रुवारी

प्रिय दादा,

एका घरात राहून, एकाच ताटलीतली चटणी खाऊन तुला पत्र लिहितोय, म्हणजे या पोराचं डोकं फिरलं असं तू म्हणशील. म्हण. तोंडाने सांगायला गेलो की तू उठून नळ बंद करायला जातोस, आणि नळ आधीच बंद असतो. सांगली हा शब्द निघाला की मला तुझी पाठच दिसते. म्हणून कागद. कागदापुढून तू उठून गेलास तरी तो काही माझ्यासारखा गप्प होऊन चहा प्यायला जाणार नाही, तिथंच पडून राहील.

विषय साधाच आहे. ज्ञानूच्या दातांची तार. बाप तू, पण दवाखान्याच्या जिन्यावरून तिला वर नेतो मी, त्यामुळे यातलं मला जितकं कळलंय तितकं तुला कुणी सांगितलेलं नाही. गंमत बघ, दहावीचं गणित मला सुटलं नाही, पण आता कुठली दाढ कितव्या वर्षी येते हे मी झोपेतही सांगेन. वेटिंगमध्ये बसून बसून आयांना सल्ले द्यायला लागलोय. मागच्या खेपेला आष्ट्याच्या एका बाईंनी मला कंपाउंडर समजून रिपोर्टच हातात दिला. मी वाचला पण.

आधी वयाचं. आपल्याकडे सगळे म्हणतात, दुधाचे दात पडू द्या, मग बघू. दवाखान्यातल्या मॅडमचं म्हणणं, सात-आठ वर्षांचं असतानाच एकदा दाखवून न्यावं. लगेच काही करायचं नसतं, नुसतं बघून ठेवायचं, जबडा कसा वाढतोय, दातांना जागा होणार आहे का. तार बहुतेक अकरा-बाराच्या पुढं, पक्के दात आले की. ज्ञानूचा वरचा सुळा दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहिल्यासारखा आला होता, आठवतं? वहिनीला तो वेणी घालताना आरशात दिसला. तू म्हणालास, आपल्या घराण्यात सगळ्यांचेच दात असे आहेत, कुणाचं काय अडलं. ते खरंच आहे. माझेच बघ. ज्ञानू मला म्हणते, काका, तुझ्या दातांना तार लावायची तर डॉक्टर नको, कुंपणवाला बोलवावा लागंल. 

दातांवरून आठवलं, मी मधे बैलबाजारात होतो ना, त्या दलालाकडे, तेव्हा बैलाचं तोंड उघडून दातांवरून वय बघायला शिकलो होतो. दोन दाती, चार दाती, जुळलेला. बैल बिचारा उभा राहतो. जबडा कुणाच्या तरी हातात आणि नजर लांब कुठंतरी. ज्ञानू खुर्चीत आडवी झाली की मला तो बैल आठवतो. तिला हे सांगितलं नाही, नाहीतर पुन्हा कुंपणवाला काढेल.

तर सुरुवातीला फोटो काढतात जबड्याचा, मग तोंडात गुलाबी पिठासारखं काहीतरी भरून दातांचा साचा घेतात. ज्ञानूला तेव्हा ओकारी आली होती, तेव्हा वहिनी होती सोबत, मी नव्हतो. मग वरच्या दोन चांगल्या दाढा काढल्या. तू त्यावर अडून बसला होतास, किडलेल्या नाहीत तर काढायच्या कशाला. आता मला कळलंय कशाला. एसटीत दोघांच्या सीटवर तिघं बसले की एकाला उठावंच लागतं, नाहीतर तिघंही वाकडे बसतात. प्रत्येक पोराच्या काढतात असं नाही हां. जागा असेल तर नाही काढत. ज्ञानूकडे जागा नव्हती. काढून झाल्यावर ती जागा रिकामी राहिली आणि मग महिन्या-महिन्याने बाजूचे दात तिकडं सरकत गेले. मॅडम म्हणतात, दात हाडात रुतलेला खुंटा नाही, हळूहळू ओढला की तो हाडातून वाट काढतो, पण घाई केलेली त्याला चालत नाही. एकदाच जोरात आवळून लवकर उरकून टाका असं सांगणारे आईबाप त्यांच्याकडे रोज येतात. त्या नुसतं हसतात. 

मॅडमचं नाव महेजबीन. सांगलीत विश्रामबागेत पहिल्या मजल्यावर दवाखाना, खाली झेरॉक्सचं दुकान. हे सगळं तुला माहीत असेल, कारण वहिनीनेच त्या शोधल्या होत्या, माहेरापासून चालत जाता येतं म्हणून. तेव्हाचा बेत काय सरळ होता. महिन्यातून एकदा ज्ञानूला घेऊन माहेरी जायचं, तार आवळायची, एक मुक्काम करायचा, यायचं. साताऱ्यात पण डॉक्टर आहेत, चांगले आहेत, पण माहेरी जायला निमित्त कुणाला नको असतं. 

नंतर मी मॅडमना विचारलं होतं, आता साताऱ्यात कुणाकडे बदलून घेता येईल का. तूच विचारायला सांगितलं होतंस, फ्रिजकडे बघत. त्या म्हणाल्या, येतं की, पण अर्धी झालेली तार दुसऱ्याच्या हातात गेली की तो आपल्या पद्धतीने पुन्हा बघणार, काही महिने त्यात जाणार, ज्याने बांधली त्यानेच सोडलेली बरी. घरी येऊन मी तुला जसंच्या तसं सांगितलं. तू म्हणालास, मग सांगलीच. एवढं पटकन तू हल्ली कशालाच हो म्हणत नाहीस. मला तेव्हा काही वाटलं नाही. मला हल्ली बऱ्याच गोष्टींचं काही वाटत नाही, या घराची हवा लागली असेल.

आता ते लिहितो. घाबरू नकोस, थोडंच लिहितो. वहिनी दवाखान्यातून रिकाम्या हाताने आली तेव्हा मी गोव्यात होतो, किनाऱ्यावरच्या एका शॅकवर कामाला. तुझा फोन आला, तू म्हणालास, बाळ राहिलं नाही, तू आलास तर बरं होईल. आवाज असा होता की जणू गॅस संपलाय, येताना सिलिंडर सांगून ये. मी आलो तर घरात कुणी रडत नव्हतं. मी बसमध्ये रडायची तयारी करून आलो होतो, ती तशीच राहिली. वहिनी भिंतीकडे तोंड करून झोपलेली, तू दुसऱ्या दिवशी एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला गेलास, ज्ञानू बाहेरच्या पायरीवर बसून ब्रशने तारेतला भात काढत होती. मी तिच्याशेजारी बसलो. ती म्हणाली, काका, जेवल्यावर दर वेळी घासायला लागतात, नाहीतर तारेच्या कडेने किडतात. मी म्हणालो, बरं. असं आमचं बोलणं झालं.

मग सव्वा महिना झाल्यावर वहिनी थोडे दिवस माहेरी जाऊन येते म्हणाली. भांडण नाही, आवाज चढला नाही, कुणी कुणाला जा म्हणालं नाही. तू तिची बॅग स्टँडवर नेलीस. थोडे दिवस किती ते तू विचारलं नाहीस आणि तिने सांगितलं नाही. मग ये म्हणायचं कुणी आणि येते म्हणायचं कुणी, यात दुसरी दिवाळी गेली. ज्ञानूची शाळा इथली म्हणून ज्ञानू इथं. सुट्टीत तिला तिकडं पाठवावं असं तू म्हणाला नाहीस, पाठवा असं वहिनीनेही म्हटलं नाही. फोनवर बोलतात दोघी, पण फोनवर काय बोलणार, जेवलीस का, अभ्यास झाला का, दुखतंय का. या घरातून त्या घरात जाणारी एकच गोष्ट चालू राहिली, ती म्हणजे तार. आणि ती घेऊन जायला बिनकामाचा माणूस एकच, मी.

प्रवासाचं तुला सांगत बसत नाही. कराडला गाडी थांबते, ज्ञानू वडापावकडे बघते, मी तिला केळं घेऊन देतो, ती केळ्याकडे बघतसुद्धा नाही. पुढं पेठनाका, इस्लामपूर. या दिवसांत इस्लामपुरात उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी अडकली की कंडक्टर खाली उतरून ट्रॅक्टरवाल्याला म्हणतो, आवं पावणं, कारखाना पळून चाललाय व्हय? ट्रॅक्टरवाला म्हणतो, तुमची सांगली तरी कुठं पळतीया. मग दोघं तंबाखू मळतात आणि गाडी तिथंच. मला हे लय आवडतं. ज्ञानूला नाही आवडत. ती सारखी घड्याळ बघते. पोहोचायला उशीर झाला तर दवाखान्यातला वेळ कमी होतो ना.

दवाखान्यात वहिनी आमच्याआधी आलेली असते. पंख्याखालची खुर्ची. बारीक झालीय, एवढंच सांगतो. ज्ञानूचा नंबर लागला की ती आत जाऊन उभी राहते, हात नाही धरत, नुसती दिसेल अशी उभी राहते. तार आवळून झाली की दोन-तीन दिवस दात दुखतात, पोळीसुद्धा चावत नाही, हे तुला घरी दिसत असेल. म्हणून वहिनी डब्यात गुरगुट्या भात आणते, मऊ, वर तूप, हिंगाचं वरण. जिन्याखाली झेरॉक्सवाल्याच्या बाकावर ज्ञानू तो खाते. खाताना दोघी फार बोलत नाहीत. तारेचं टोक गालाला लागून फोड आला असेल तर वहिनी मेणाची बारीक गोळी करून टोकावर बसवते. हे मेण डॉक्टर देतात, तू घाबरून डोकेदुखीची गोळी दिली होतीस तेव्हा नुसतं हे लावायचं होतं. उरलेला भात डब्यातच घालून देते, रात्रीला म्हणून. तुझं काही विचारत नाही. पण डबा मागते. मागच्या वेळचा.

आणि डबा रिकामा नसतो. मला वाटायचं, रिकामा डबा परत देऊ नये म्हणून ज्ञानू चिमूटभर साखर घालत असेल, आई घालायची तशी. एकदा इस्लामपूरच्या अलीकडे खड्ड्यात गाडी आदळली आणि डब्यात काहीतरी गडगडलं. उघडून बघितलं तर लिंबं. परसातली. वहिनीने लावलेल्या झाडाची, जे ती असताना एकदाही धरलं नव्हतं. पुसून, देठ ठेवून, एकाला एक लागू नये म्हणून मधे कागद. ज्ञानूला कागद घालायचं सुचत नाही दादा, ती दप्तरात केळं घालते. वहिनीने डबा उघडला, एक लिंबू नाकाशी नेलं, झाकण लावलं. चेहऱ्यावर काही आलं नाही. तुझ्याही येत नाही. तुम्ही दोघं एका साच्यातले आहात, तुमचं कुणी काय सरळ करणार.

असो, भरकटलो. तार.

मॅडमनी सुरुवातीला सांगितलं होतं, दीड ते दोन वर्षं. म्हणजे गेल्या दिवाळीच्या आसपास निघायला हवी होती. अजून तोंडात आहे, कारण मोडत राहिली. दातावर ते जे बारीक चौकोनी ठोकळे चिकटवतात ना, ब्रॅकेट, त्यातनं तार जाते. कडक काही चावलं की ठोकळा सुटतो. ठोकळा सुटला की तो दात ओढायचा थांबतो, कधी उलटा पण जातो, मग पुन्हा चिकटवायचं, मधेच एक जादा खेप सांगलीला, आणि शेवट पुढं ढकलला जातो. म्हणून चिक्की नाही, फुटाणे नाहीत, अख्खा पेरू नाही, भाकरीची कड नाही, बर्फ नाही, कणीस दातांनी ओरबाडायचं नाही, आणि ऊस तर अजिबात नाही. हे सगळं वहिनीच्या अक्षरात आपल्या फ्रिजवर चिकटवलेलं आहे. ऊस या शब्दाखाली तिने दोन रेघा मारल्यात.

पहिल्या वेळी मोडलं ते संक्रांतीला, तिळाच्या वडीने. सगळ्या पोरांचं मोडतं, मॅडम काही बोलल्या नाहीत. मग पावसाळ्यात कणीस. मग पुन्हा काहीतरी. मग मोडायला एक लय आली. मॅडम म्हणायच्या, छान चाललंय, पुढच्या खेपेला काढायचा विचार करू, आणि पुढच्या खेपेच्या आधी ठोकळा सुटायचा. मी म्हणायचो, नशीबच खराब. गेल्या शनिवारी मॅडमनी आरसा आत घातला आणि चिमट्याने मागच्या दाढेच्या तारेत अडकलेला एक धागा ओढून काढला. पांढरा, लांब. दिव्याखाली धरला. उसाचा चोथा. मी बैल ओळखत नसेन एक वेळ, चोथा ओळखतो. मॅडमनी विचारलं, ज्ञानदा, ऊस? ज्ञानूने पंख्याकडे बघितलं. वहिनी मला वाटलं रागावेल. ती खाली बघत होती, चपलेकडे.

मग मॅडमनी मला वेगळं आत घेतलं. वडील का येत नाहीत, असं त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं, या वेळी विचारलं. मी म्हणालो, शिफ्ट असते. त्या म्हणाल्या, मग तुम्ही नीट ऐका आणि त्यांना सांगा. तार ही पाहुणी आहे, तिने मुक्काम वाढवला तर घर खराब होतं. ठोकळ्यांच्या कडेने दातांवर पांढरे डाग यायला लागलेत, पुढच्या दोन दातांवर आत्ताच दिसतात. ते पुढं किडतात, किंवा आयुष्यभर तसेच राहतात, म्हणजे दात सरळ आणि डागाळलेले. आणि फार काळ ओढत राहिलं की मुळं आखूड होऊ शकतात, आतल्या आत, वरून कळत नाही. त्यांनी फोटो दाखवला, मागचा आणि आत्ताचा. मला फारसं कळलं नाही, पण दोन मुळांची टोकं बोथट झालीत हे मलाही दिसलं. त्या म्हणाल्या, अजून काही बिघडलेलं नाही, आता थांबलं तर. दात जागेवर आलेत. येत्या शनिवारी सुटलेला ठोकळा बसवते आणि त्याच्या पुढच्या खेपेला सगळं काढते, मधे काही मोडलं नाही तर.

परतीच्या गाडीत ज्ञानू खिडकीला. भात नाही खाल्ला तिने त्या दिवशी, डबा मांडीवर. इस्लामपूरला पुन्हा ट्रॅक्टर, पुन्हा गाडी उभी. खिडकीबाहेर ट्रॉलीतून एक पोरगं ऊस ओढून काढत होतं आणि वरचा माणूस त्याला शिव्या घालत होता. मी तिला विचारलं, मुद्दाम खाल्लास का गं? रागावलो नाही. मला रागवायला जमत नाही. ती म्हणाली, काका, तार निघाली की मग सांगलीला कशाला जायचं?

दादा, मी जवळजवळ अर्धा देश फिरलोय. हुबळीला एका हॉटेलात भांडी घासली, ट्रकवर गुजरात बघितला, कुठं कुठं कुणाकुणाला थापा मारून जेवलो. मला प्रत्येक ठिकाणी काहीतरी उत्तर सुचतं. तिथं मी म्हणालो, केळं खातेस? ती म्हणाली, नको.

मग मी ठरवलं, तुला सांगायचं. तुला माहीत नाही, तुला माहीत असायला हवं, असं धरून मनातल्या मनात सगळं जुळवलं, डाग, मुळं, फोटो. बुधवारी तुझी सेकंड शिफ्ट होती, म्हटलं सकाळी निवांत बोलू. चहा घेऊन मागच्या दारी आलो. तू लिंबाच्या झाडाखाली पाटावर बसला होतास, पाठ माझ्याकडे. तुझ्या शिफ्टमधल्या दादासोने त्याच्या रानातून आणून दिलेली उसाची मोळी शेजारी. तू कोयत्याने ऊस सोलत होतास. ज्ञानू शाळेतून आली की तिला. 

मी लहान असताना तू मला असाच सोलून द्यायचास, आठवतं ना? माझे पुढचे दोन दात पडलेले, आणि मला ऊस पाहिजे म्हणून मी लोळण घेतली होती. तू शेंड्याकडचं मऊ कांडं घ्यायचास, कमी गोड असलं तरी. सोलायचास, आणि प्रत्येक पेराची गाठ कोयत्याने उडवून कोंबड्यांकडे टाकायचास. गाठ कडक असते, दात हलतो. आपल्या भागात शेंबड्या पोराला पण हे माहीत असतं, लहान पोराला गाठीचा ऊस कुणी देत नाही. मग बोटाएवढे तुकडे. तू स्वतः गाठी चावायचास, म्हणायचास, मला आवडतात.

बुधवारी मी दारात उभा राहून बघितलं. तू बुडख्याकडचं कांडं घेतलंस. जाड, पिवळं झालेलं. नीट सोललंस, बोटाएवढे तुकडे केलेस, स्टीलच्या ताटलीत लावलेस. आणि गाठी ठेवल्यास. एक पण उडवली नाहीस. प्रत्येक तुकड्याच्या मधोमध गाठ येईल असा कापलास. ताटलीवर दुसरी ताटली झाकलीस, आत येऊन फ्रिज उघडलास, त्या कागदाच्या समोर, आणि आत ठेवलीस. मी चहा घेऊन परत माझ्या खोलीत गेलो. तू मला बघितलं नाहीस. तुला सांगायचं काय होतं तेच मी विसरलो.

म्हणजे हे सगळं जे मी तुला वर लिहिलं, मेण, साचा, ठोकळे, काय खायचं काय नाही, ते तुला सांगायची गरज नव्हती. तुला सगळं माहीत आहे. ज्ञानूला वाटतं, तिचं ती करते. तुला वाटतं, तुझं तू करतोस. तिकडे चोथा बघून वहिनी चपलेकडे का बघत होती, ते मला आता कळतं. तिघांना ठाऊक आहे आणि तिघं गप्प आहेत, आणि हे सगळं त्या पोरीच्या दोन पुढच्या दातांवर चाललंय. मी तुला दोष देत नाही. खरंच देत नाही. त्या ताटलीकडे बघून मला कसलाच राग आला नाही, फक्त वाटलं, माणसाला एवढं आडवळणाने का जावं लागतं. ताटली मी दुपारी शेजारच्या मनुबाईंना दिली. त्या म्हणाल्या, गाठी का रं ठेवल्या?

डाग आणि मुळं तेवढी तुला माहीत नव्हती, ती आता झाली. आणि एक राहिलं, ते मॅडमनी मी उठताना सांगितलं. तार काढली म्हणजे संपत नाही. दात पुन्हा जुन्या जागी पळायला बघतात, त्यांना जुनी जागा आठवते म्हणे. म्हणून रात्री झोपताना प्लेट घालायची, बराच काळ, काहींना वर्षानुवर्षं. आणि ती नीट बसते का ते दाखवायला दर दोन-तीन महिन्यांनी यायचं. त्यात काही मोडावं लागत नाही. हे मी ज्ञानूला सांगितलेलं नाही.

उद्या पहाटेच्या गाडीने मी रत्नागिरीला चाललोय. एका मित्राची बोट आहे, माणूस कमी आहे, मी हो म्हणालो. तू म्हणशील हा पुन्हा पळाला. पळालोच, पण या वेळी मुद्दाम. येत्या शनिवारी सकाळची वेळ आहे आणि ज्ञानूला घेऊन जायला घरात आता तूच आहेस. तुझी सुट्टी आहे, मी शिफ्टचा तक्ता बघितला. दवाखाना पहिल्या मजल्यावर, पंख्याखालची खुर्ची. हे पत्र मी धुतलेल्या डब्यात घालून ठेवलंय, कारण शुक्रवारी संध्याकाळी तो डबा तूच उघडतोस, लिंबं घालायला. या वेळी कागद त्यांच्यामधे घालू नकोस, वाचून खिशात ठेव. वहिनीशी काय बोलायचं ते मला विचारू नकोस, मला ते येत असतं तर मी असा फिरत राहिलो नसतो. नाही बोललास तरी डबा तुझ्या हातानेच दे. आणि निघायच्या आधी, गाडीत बसायच्या आधी, ज्ञानूला एवढंच सांग, की तार निघाली तरी सांगलीला जायचं आहे. ती का म्हणून विचारेल. प्लेटचं कारण तुझ्याकडे आहेच. पण जमलं तर ते सांगू नकोस, नुसतं म्हण, जायचं आहे.

तुझाच,
इंद्रा